वाईट बोलायला सांगणारा माणूस

भावानं हौसेनं आणून दिलेली वस्तू वाईट निघाली, तर सासूच्या देखत तुम्ही तसं बोलून दाखवाल का? मला उत्तर नको. स्वतःला द्या, आणि खरं द्या. आमच्या आप्पांना या प्रश्नाचं उत्तर फार उशिरा कळलं.

आप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी चपला काढायचे. पुढं केलेली खुर्ची बाजूला सारायचे. मग जमिनीवर मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोरच्या बाईकडं किंवा म्हाताऱ्याकडं बघून म्हणायचे, “हां. आता वाईट बोला.”

लोक गोंधळायचे. कुणी दारात येऊन असं म्हणतं का? आप्पा म्हणायचे. ते त्यांचं कामच होतं.

दुकानात एखादी नवी वस्तू येते, त्याच्या कितीतरी आधी ती आपल्यासारख्यांच्या घरांतून फिरून गेलेली असते. आधी कंपनीतलं कुणीतरी ती नुसती कल्पनेत बघतं. मग कागदावर तिचं चित्र काढून लोकांना विचारतात, अशी वस्तू असती तर घेतली असती का? लोक हो म्हणाले की थोडे नग बनवतात आणि काही आठवड्यांसाठी घराघरांत ठेवतात. वापरा आणि सांगा. असं विचारून आणणाऱ्या पुण्याच्या एका एजन्सीचे आप्पा आमच्या भागातले माणूस होते. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके त्यांच्याकडं. घरं शोधायची, वस्तू पोचवायची, दर आठवड्याला जाऊन विचारायचं. मी त्यांच्या गाडीवर मागं बसून जायचे आणि उत्तरं टॅबवर भरायचे.

मी शिरूरची. वडील कारखान्यात, आणि कारखान्याबाहेर संघटनेत. आमच्या घरी भाजीसुद्धा पत्रकांवर निवडली जायची. हे आप्पांना पहिल्याच दिवशी कळलं आणि त्यांनी माझं नाव पुढारी ठेवलं.

“पुढारी, बस मागं. भाषण चौफुल्यावर कर, हितं रस्ता खराब हाय.”

पुण्याहून आम्हाला एक कार्ड दिलेलं होतं. त्यावर ओळीनं पाच चेहरे होते, रडणाऱ्यापासून खदाखदा हसणाऱ्यापर्यंत. वस्तू कशी वाटली त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, की झालं संशोधन. आमच्याकडं रडक्या चेहऱ्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. दारात आलेला माणूस, त्याला चहा पाजलेला, आणि त्याच्या वस्तूला वाईट म्हणायचं? आमच्या भागात हे होत नाही. आप्पांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर ते वाईट बोला म्हणत.

एकदा दुधाचा नवा डबा वाटला होता, तेव्हा कोरेगाव भीमाच्या एका म्हाताऱ्यानं ते मनावर घेतलं. भावकीपासून सुरुवात केली. मग ऊस नेणारा कारखाना, मग सरपंच, मग थोरला मुलगा, मग धाकट्याची बायको. मी टॅब मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी आप्पांनी विचारलं, “आन् बाबा, दुधाचा डबा?”

“डबा चांगलाय,” म्हातारा म्हणाला. “डब्याला नाव ठिवायला जागा न्हाई.”

बाहेर आल्यावर आप्पा इतके हसले की गाडीला किक मारता येईना. मग हसू थांबलं आणि म्हणाले, “डबा गळतोय, पुढारी. पेंडीच्या पोत्याखाली वल हुती, बघितलीस का?”

मी बघितली नव्हती. तुम्हीही बघितली नसती. आप्पा बोलण्यापेक्षा वस्तू कुठं ठेवलीय ते बघत. मागं एकदा धार काढताना बसायचं घडीचं स्टूल आलं होतं. एका घरी आम्ही गेलो तर स्टुलावर खंडोबाची तसबीर, तिला हळदकुंकू, पुढं उदबत्ती. बाई म्हणाली, लई चांगलं हाय. पुण्याच्या लोकांनी फोटो बघून अहवालात लिहिलं, ग्राहकाचं वस्तूशी भावनिक नातं जुळलं. आप्पा म्हणाले, “कसलं नातं? त्याच्यावर बसलं की स्टुलाचा पाय चेमटतो. टाकायला जीव हुईना म्हून देवाला दिलं.”

त्यांची एक ठरलेली युक्ती होती. चार आठवडे झाले की सहज बोलल्यासारखं म्हणायचे, “उद्या परत न्यायची हाय बरं का वस्तू.” बाईनं लगेच घासूनपुसून आणून दिली तर समजायचं, नावडती. “अजून थोडे दिस राहूद्या,” असं म्हणाली तर खरी पसंती. पाच चेहऱ्यांपेक्षा त्यांचा या एका वाक्यावर भरवसा होता.

“आमचा आजा मेंढरांमागं फिरला,” ते म्हणायचे, “आन् मी डब्यांमागं, स्टुलांमागं फिरतोय. त्याला निदान कळायचं, कुठलं मेंढरू आजारी हाय. त्ये तोंडानं चांगलंय म्हनत न्हवतं.”

एजन्सीच्या प्रशिक्षणात आम्हाला घोकून सांगितलं होतं, घरच्यासारखे व्हा. लोक घरच्या माणसाशी मोकळं बोलतात. मी ते नुसतं ऐकलं. आप्पा तसे झाले. कुणाच्या पोराचा दाखला काढून द्यायचे, कुणाच्या गाईसाठी दवाखान्यात फोन लावायचे. आणि यवतच्या अलीकडच्या वस्तीवर, मंगल नावाच्या एका बाईच्या घरी तर ते भाऊ झाले.

मंगलला भाऊ नव्हता. नवरा दुधाचा टेम्पो चालवायचा, घरात सासू, दोन मुली. दुधाच्या डब्याच्या वेळेस आम्ही तिच्याकडं जायला लागलो. एका भाऊबीजेला आम्ही नेमके त्या वाटेनं आलो, तर तिनं पाट मांडून ठेवलेला. आप्पा दारातच थबकले. “आगं, मी कामाला आलोय.”

“काम करा की दादा. ववाळून घेतल्यावर करा.”

ते पाटावर बसले. तिनं ओवाळलं. त्यांनी खिसा चाचपला, मग स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढून तिच्या धाकटीच्या गळ्यात घातला. सासू दारातून म्हणाली, “ह्यो बरा भाऊ घावला. रुमालावर भागवतोय.” सगळे हसले. मंगल हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. मी तो बघितला आणि विसरून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी शेगडी आली.

बुटकी, हिरव्या पत्र्याची, बाजूला एक छोटा पंखा, पंख्याला बॅटरी. आत उसाच्या चिपाडाच्या दाबून केलेल्या कांड्या टाकायच्या. पंखा वारा घालतो, धूर होत नाही, भाकरी लवकर होते. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. गुऱ्हाळांच्या भागात चिपाडाला काय तोटा? वर कंपनीचं नाव नव्हतं. चाचणीच्या वस्तूवर नाव घालत नाहीत. नाव वाचून लोकांनी मत बनवू नये म्हणून, असं आम्हाला सांगितलेलं. नाव नसलेल्या वस्तूविरुद्ध तक्रार कुणाकडं करायची, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मंगलनं शेगडी चुलीशेजारी ठेवली आणि सासूला म्हणाली, “माझ्या भावानं आनली.”

“बघू की,” सासू म्हणाली. “तुझ्या भावाची शेगडी किती दिस टिकती.”

शेगडी कंपनीची होती. पण त्या घरात ती माहेरची झाली. आणि माहेरून आलेल्या लुगड्याचा रंग गेला, भांड्याला पोचा पडला, तरी बाई सासरी त्याला नाव ठेवत नाही. ठेवू देत नाही. हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, आप्पांनाही. पण घरोघर विचारत फिरणाऱ्या आमच्या डोक्यात ते त्या दिवशी आलं नाही, कारण आमच्या डोक्यात ती माहेरची वस्तू नव्हतीच. आमच्यासाठी ती एक चाचणी होती.

दर आठवड्याला आम्ही जायचो.

“हां मंगल, वाईट बोल.”

“काय वाईट बोलू दादा? पटकिनी पेटती. डोळं चुरचुरत न्हाईत.”

“कायतरी आसंलच की.”

“आसतं तर तुमी आनली आसती व्हय?”

सासू मागं बसून मटकी निवडत असायची. कार्ड पुढं केलं की मंगलचं बोट न थांबता सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्या चेहऱ्यावर. आप्पांनी शेगडी उलटीपालटी करून बघितली. काजळी धरलेली होती, म्हणजे रोज वापरात होती. मग त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, “उद्या परत न्यायची हाय बरं का.”

मंगलनं शेगडीवर हात ठेवला. “न्हाई दादा. माझ्या घरातनं नगा नेऊ.”

परतताना आप्पा खुशीत होते. “ह्याला म्हनत्यात पसंती, पुढारी. ल्ही.”

मी लिहिलं.

पुण्याहून दोघंजण येऊन तिचा स्वयंपाक करतानाचा व्हिडिओ काढून गेले. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कांडी टाकताना ती प्रत्येक वेळी मान मागं वळवते, हात लांब करते आणि पदर दातांत धरते. कांडी आत पडली की पंख्याच्या वाऱ्यानं क्षणभर भडका वर येतो. त्या भडक्यापासून ती तोंड चुकवत होती. अहवालात त्या जागी लिहिलं होतं, कॅमेऱ्याला लाजते.

एके दिवशी पदर दातांतून सुटला.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा तिला बोलता येत होतं. मान, छाती, दोन्ही हात पट्ट्यांत. आप्पा पलंगापाशी जमिनीवर बसायला गेले, नर्सनं उठवलं.

“कवापासनं हुतं ह्ये?” त्यांनी विचारलं.

“पैल्यापासनं.”

“मग बोलली का न्हाईस? मी दर खेपंला विचारत हुतो. दर खेपंला.”

तिनं डोळे दाराकडं वळवले. मग म्हणाली, “सासूम्होरं काय सांगू दादा? माझ्या भावानं वाईट वस्तू आनली म्हनू?”

जळीताच्या रुग्णाचा जबाब घेतात. तसा तिचाही घेतला. सासरच्यांनी काही केलं का? नाही. कुणावर संशय? नाही. शेगडी बिघडलेली होती का? यावर ती म्हणाली, “शेगडी चांगली हाय. माझाच पदर ढिला हुता.” सही करायला हात नव्हते.

काही दिवसांनी ती गेली.

त्या जबाबावर सगळं मिटलं. वापरणाऱ्याची चूक. एजन्सीनं पुण्यात बसून हळहळ व्यक्त केली आणि अहवाल कंपनीला पाठवून दिला. हसऱ्या चेहऱ्यांची बेरीज त्यात तशीच होती, मंगलच्या बोटासकट. आमच्या दोन तालुक्यांत इतर घरांत शेगड्या पेटत होत्या आणि त्या घरांतल्या बायकाही माना वळवून भाकरी करत होत्या.

आप्पांनी एजन्सीच्या साहेबांना माझ्यासमोर फोन लावला. साहेब तरुण होते, बोलायला गोड.

“आप्पा, परत घेतल्या म्हणजे आपण चूक मान्य केली असा अर्थ निघतो. आणि अहवाल तर बंद झालाय.”

“अहवाल बंद झालाय साहेब. शेगड्या चालू हायत.”

“तुम्ही भावनिक होताय.”

आप्पांनी फोन ठेवला. गाडी स्टँडवरून काढली. मग म्हणाले, “चल.”

मी त्या रात्री घरी जाऊन एक पत्रक लिहिलं होतं. आमची चूल तुमची प्रयोगशाळा नाही, अशी सुरुवात. नफा, नमुना, माणसाची किंमत, सगळं आलं होतं त्यात. दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या फाट्यावर मी ते आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगलं लिवलंस,” ते म्हणाले. “कंपनी वाईट हाय ह्ये पटलं. पर शेगडी कशी दिसती, आन् घावली तर काय करायचं, ह्ये कुठं हाय ह्याच्यात?”

मला राग आला. आजही तो पुरता गेलेला नाही, पण आता तो त्यांच्यावर नाही.

मग आप्पा गाडीला दोरी बांधून शेगड्या गोळा करायला निघाले. एजन्सीनं तेव्हाच त्यांना कामावरून काढलं. कंपनीची मालमत्ता उचलतो म्हणून पोलिसांत देण्याची भाषाही केली. आप्पांना घरं तोंडपाठ होती. पण तुम्हाला वाटतं तसं ते सोपं नव्हतं. लोक शेगडी देईनात!

न्हावऱ्याकडचा एक म्हातारा दारात आडवा उभा राहिला. “आमी हसरं त्वांड दावलं की. मग का न्हेताय?”

“बाबा, ती भडकती.”

“भडकती त्ये आमाला म्हाईत हाय. भडकली की सून बाजूला सरती. दुसऱ्या कुनाला द्यायची आसंल तुमाला, तसं सांगा की.”

आप्पा जमिनीवर बसले नाहीत त्या दिवशी. उभ्या उभ्याच म्हणाले, “बाबा, माझी भन हिच्यावर जळून गेली. मीच न्हेऊन दिलती तिला.”

म्हातारा आत गेला आणि स्वतः शेगडी उचलून घेऊन आला. तिच्यावर भाकरीचा तवा अजून गरम होता.

हे वाक्य आप्पांना प्रत्येक घरी म्हणावं लागलं. त्याशिवाय कुणी देईना. एखादं वाक्य रोज म्हणून म्हणून बोथट होतं असं मला वाटायचं. त्यांचं झालं नाही. दर घरी ते म्हणायच्या आधी एकदा गळा साफ करायचे आणि म्हणून झाल्यावर पाणी मागायचे.

गोळा केलेल्या शेगड्या त्यांनी भंगारात दिल्या नाहीत. भंगारवाला पुन्हा विकेल. दौंडला, रेल्वे कॉलनीच्या मागं त्यांचं घर होतं. तिथं अंगणात दुपारभर ते हातोड्यानं एकेक शेगडी चेचायचे. शेजारचा निवृत्त गार्ड एकदा म्हणाला, “आप्पा, कुनाचा राग काढताय पत्र्यावर?” आप्पांनी पुढची शेगडी ओढली.

मी त्यांना एकदा म्हटलं, आप्पा, चूक तुमची नाही. ज्यांनी बनवली त्यांची आहे, ज्यांनी परत घेतली नाही त्यांची आहे.

“व्हय,” ते म्हणाले. “पर त्यांना तिनं ववाळलं न्हवतं.”

यंदा चैत्रात ते गेले. दुपारचे जेवले, अंगणात बाजेवर आडवे झाले, उठले नाहीत. मी दौंडला पोचले तेव्हा त्यांना नेलेलं होतं. अंगणात हिरव्या पत्र्याचा ढीग होता आणि त्यातल्या वरच्या शेगडीची एकच बाजू चेचलेली होती. हातोडा मी उचलला आणि तिची दुसरी बाजूही चेचली. मला दुसरं काही सुचलं नाही.

सगळ्या शेगड्या मिळालेल्या नाहीत. मिळणार नव्हत्याच, कारण आपल्याकडं चांगली वस्तू घरात ठेवत नाहीत, लेकीला देतात. एक शिरूरच्या बाजूला दिलेल्या लेकीकडं गेली, ती लेक आता कुठं राहते ते माहेरच्यांनाही नीट माहीत नाही. एक ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. एक यवतच्या बाजारात कुणीतरी विकली. आणखीही असतील. आप्पा त्यांच्याच शोधात होते.

म्हणून हे वाचून झाल्यावर एवढं करा. तुमच्या स्वयंपाकघरात बघा, आणि बहिणीच्या, लेकीच्या, शेतावर राहणाऱ्या गड्याच्या घरी विचारा. बुटकी, हिरव्या पत्र्याची, बाजूला पंखा असलेली आणि कुठंही कंपनीचं नाव नसलेली शेगडी दिसली, तर ती पेटवू नका. पंख्याची वायर तोडा, पत्रा चेचा, कुणाला देऊ नका आणि विकू नका. ती बाई म्हणेल, चांगली आहे, राहू द्या. ऐकू नका. तिला घरातल्यांपासून बाजूला घ्या आणि फक्त एवढंच विचारा, कांडी टाकताना मान कुठं वळवतेस?